रेव्हिटमधून खोलीची हद्दरेषा बाहेर काढायची असेल तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गुहागरजवळच्या एका जुन्या जांभ्याच्या घराचं होमस्टे करायचं चाललंय. रेव्हिट या इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल तयार आहे, खोल्या बसवलेल्या आहेत, शेड्यूलमधून (मॉडेलमधल्या घटकांच्या तक्त्यातून) प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ आणि परिमिती मिळते. पण हद्दीच्या कोपऱ्यांचे निर्देशांक मिळत नाहीत, आणि ते लादीच्या हिशोबाला, वातानुकूलनाच्या गणिताला आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरला हवेत. जोडीला त्याच मालकाची शेजारच्या जागेवर विक्रीसाठी सदनिकांची इमारत होणार आहे; तिथल्या कार्पेट एरियासाठी हीच पद्धत चालेल का, असंही विचारलंय.

शेड्यूलमधून हे मिळणार नाही, कारण शेड्यूलमध्ये भूमिती नसतेच, फक्त आकडे असतात. भूमितीसाठी वेगळ्या वाटा आहेत आणि त्या पुढे सांगतो. पण कुठल्याही वाटेला लागण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि बहुतेक गोंधळ ती न ठरवल्यामुळे होतो: तुम्हाला नेमकी कुठली रेषा हवी आहे?

रेव्हिटमध्ये खोलीची हद्द चार ठिकाणी धरता येते. भिंतीच्या तयार पृष्ठभागावर, भिंतीच्या मध्यावर, भिंतीच्या गाभ्याच्या खोलीकडच्या कडेवर (म्हणजे प्लास्टर सोडून चिऱ्याचा किंवा विटेचा जो मूळ भाग, त्याच्या तोंडावर) आणि गाभ्याच्या मध्यावर. ‘एरिया अँड व्हॉल्यूम कम्प्युटेशन्स’ या चौकटीत ही निवड आहे आणि ती अख्ख्या प्रकल्पाला लागू होते. आता एक साधी खोली घ्या: आतून ३.०० बाय ३.६० मीटर, चारी बाजूंना प्लास्टर धरून ३०० मिमी जाडीची चिऱ्याची भिंत. तयार पृष्ठभागावर मोजली तर १०.८० चौरस मीटर. प्लास्टर १५ मिमी असेल तर गाभ्याच्या कडेवर ११.०० चौमी. भिंतीच्या मध्यावर मोजली तर ३.३० बाय ३.९०, म्हणजे १२.८७ चौमी. एकाच खोलीत २ चौमीहून जास्त फरक, जवळपास १९ टक्के. मुंबई-पुण्यातल्या पातळ ब्लॉकच्या भिंतीत हा फरक कमी असतो, म्हणून तिथं शिकलेल्या माणसाच्या तो डोळ्यांत भरत नाही. जांभ्याच्या घरात तो लगेच पैशांत उतरतो.

लादीवाल्याला तयार पृष्ठभागाची रेषा लागते. ऊर्जेचं गणित करणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरना भिंतीच्या मध्याची चालते, कारण त्यांना दोन खोल्यांमध्ये फट नको असते. गवंडीकामाच्या आखणीला गाभ्याची कड उपयोगी. नकाशात शेजारच्या खोल्या एकमेकींना चिकटून दिसायला हव्यात तर मध्याची, खोली जशी आतून वापरात आहे तशी हवी तर पृष्ठभागाची. एकाच निर्यातीत सगळ्यांचं समाधान होत नाही. प्रत्येकासाठी वेगळी फाइल काढा आणि फाइलच्या नावातच कुठली रेषा आहे ते लिहा. सहा महिन्यांनी तुम्हीच ती फाइल उघडाल तेव्हा आत काय आहे हे नुसतं पाहून कळत नाही.

आता मॉडेलकडे वळू. निर्यात चुकते त्याचं कारण बहुतेक वेळा निर्यातीत नसतं, खोली नीट बंदच झालेली नसते.

कोकणातल्या घराची ठेवण रेव्हिटच्या गृहीतकांशी दोन-तीन ठिकाणी जुळत नाही. पहिलं म्हणजे जोतं. ओटी एका पातळीवर, माजघर एक पायरी वर, मागची पडवी पुन्हा खाली. मॉडेल करणारा एकच लेव्हल (मजल्याची संदर्भपातळी) ठेवतो आणि भिंतींना बेस ऑफसेट (त्या पातळीपासून तळाचं अंतर) देऊन जोत्यावर उभं करतो. खोलीची हद्द मात्र लेव्हलच्या ‘कम्प्युटेशन हाइट’ला, म्हणजे लेव्हलपासून मोजलेल्या एका ठरावीक उंचीवर, शोधली जाते, आणि ही उंची मुळात शून्य असते. भिंती लेव्हलच्या १५० मिमी वरून सुरू होत असतील तर शून्य उंचीवर खोलीला भिंतच सापडत नाही आणि शेड्यूलमध्ये ‘नॉट एन्क्लोज्ड’ दिसतं. लोक मग कोपऱ्यातली फट शोधत बसतात, फट नसतेच. लेव्हल निवडून कम्प्युटेशन हाइट जोत्याच्या वर न्या, प्रश्न सुटतो.

पण ती बेतानं न्या. पडवीला कठडा असेल, समजा ६०० मिमी उंचीचा, आणि तुम्ही उंची १२०० मिमी केली, तर कठडा हद्द म्हणून धरला जाणार नाही आणि पडवी उघडी पडेल. अशा जागी मी कठड्यावर विसंबत नाही. ‘रूम सेपरेशन लाइन’ (भिंत नसताना हद्द ठरवणारी रेषा) स्वतः ओढतो, खांबांच्या बाहेरच्या कडेवरून, आणि कठड्याचं ‘रूम बाउंडिंग’ (खोलीची हद्द म्हणून धरलं जाण्याचा गुणधर्म) काढून टाकतो. उघड्या पडवीची हद्द कुठे संपते हे सॉफ्टवेअरनं ठरवायचं नसतं, ते तुम्ही मालकाशी बोलून ठरवायचं. वळचणीखालची जागा वापरातली धरायची का, की खांबाच्या रेषेवर थांबायचं? पावसाळ्याचे चार महिने तिथं बसता येतं की नाही यावर घरच्यांचं उत्तर अवलंबून असतं, आणि ते त्यांना नेमकं माहीत असतं.

दुसरं म्हणजे कौलारू छप्पर आणि माळा. खोलीची ‘अपर लिमिट’ छपराच्या खालीच थांबली तर घनफळ कापलं जातं, आणि वातानुकूलनाच्या गणिताला नेमकं तेच घनफळ हवं असतं. वरची मर्यादा आढ्याच्या वर न्या, छपराचं रूम बाउंडिंग चालू ठेवा आणि गणनेत ‘एरियाज अँड व्हॉल्यूम्स’ निवडा. माळ्यावर जिथं छप्परच भिंतीचं काम करतं तिथं कम्प्युटेशन हाइट बदलली की हद्दरेषा आत-बाहेर सरकते. उभं राहता येईल तेवढीच जागा मोजायची असेल तर माळ्याला स्वतंत्र लेव्हल द्या आणि त्याची उंची वेगळी ठेवा. खालच्या मजल्याला त्याचा त्रास नको.

खांबांचंही एकदा पाहून घ्या. ओटीवरचे लाकडी खांब रूम बाउंडिंग राहिले तर प्रत्येक खांबाचं एक छिद्र हद्दीत तयार होतं. लादीच्या हिशोबाला ते बरोबर आहे, नकाशाला नकोसं.

मॉडेल स्वच्छ झालं की वाटा.

सगळ्यात सोपी वाट डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल. निर्यातीच्या सेटअपमध्ये ‘जनरल’ टॅबवर खोल्या, स्पेसेस आणि एरिया पॉलीलाइन (एकसंध जोडलेली रेषा) म्हणून निर्यात करण्याचा पर्याय आहे. तो निवडला की प्रत्येक खोलीची बंद पॉलीलाइन मिळते. ठेकेदार ऑटोकॅडवर काम करतो, त्याला एवढं पुरतं. उणीव ही की खोलीचं नाव, क्रमांक, कुठल्या भिंतीमुळे कुठला तुकडा आला, यातलं काही त्या रेषेला चिकटून येत नाही.

दुसरी वाट डायनॅमो, म्हणजे ठोकळे जोडून छोटे प्रोग्राम तयार करायचं साधन. रेव्हिटसोबतच येतो आणि प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही जमतो. खोल्या गोळा करायच्या, खोलीच्या फिनिश, सेंटर किंवा कोअर हद्दीचा नोड (तयार ठोकळा) लावायचा, वक्रांचे सुरुवातीचे बिंदू घ्यायचे, एक्स-वाय वेगळे करायचे आणि सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) लिहायचे. तुमच्या घराएवढ्या कामाला मी हीच वाट घेईन.

तिसरी वाट रेव्हिटचं एपीआय, म्हणजे स्वतःच्या प्रोग्राममधून रेव्हिटला काम सांगायची सोय; पायरेव्हिट या जोडसाधनातून पायथनमध्ये किंवा सी-शार्पमध्ये. इथं खोलीवर ‘गेट बाउंडरी सेगमेंट्स’ ही पद्धत बोलवायची असते आणि तिला हद्दीची जागा सांगणारे पर्याय द्यायचे असतात. यात एक खाच आहे. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये खोलीचं क्षेत्रफळ पृष्ठभागावर मोजलं जात असेल आणि स्क्रिप्टनं मध्याची रेषा मागितली, तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, पण एकमेकांशी जुळत नाहीत. रेव्हिट काही इशारा देत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये जागा स्पष्ट लिहा आणि तीच प्रकल्पात आहे का ते आधी तपासा.

ही पद्धत यादीची यादी परत देते: प्रत्येक खोलीचे एक किंवा अधिक वळसे, प्रत्येक वळशात तुकडे. घरात मधला चौक असेल आणि त्याभोवती फिरणारा सोपा एकच खोली म्हणून बसवला असेल तर दोन वळसे येतात, बाहेरचा आणि चौकाचा. पहिला वळसा बाहेरचाच असेल असं धरून चालू नका. प्रत्येकाचं क्षेत्रफळ काढा; ज्याचं सर्वांत मोठं तो बाहेरचा, बाकीची छिद्रं.

प्रत्येक तुकडा कुठल्या घटकामुळे तयार झाला त्याचा आयडी सोबत येतो, आणि एपीआयची खरी किंमत इथं आहे. पूर्वेच्या भिंतीचा तुकडा चिऱ्याचा आहे की नव्या ब्लॉकचा, हा सेपरेशन लाइनचा आहे म्हणजे इथं भिंतच नाही, हे सगळं कळतं. भिंत जोडलेल्या (लिंक केलेल्या) मॉडेलमध्ये असेल तर आयडी लिंकचा येतो आणि खऱ्या भिंतीचा आयडी वेगळ्या गुणधर्मात असतो. लिंकच्या टाइप प्रॉपर्टीत रूम बाउंडिंग चालू नसेल तर त्या भिंती हद्द म्हणून येतच नाहीत. कधी कधी उणे एक असा अवैध आयडीही येतो. स्क्रिप्ट तिथं कोसळू नये एवढी काळजी घ्या.

दरवाजे हद्दरेषा तोडत नाहीत. रेषा उंबऱ्यावरून सरळ पुढे जाते. म्हणून स्कर्टिंगची लांबी काढताना परिमितीतून प्रत्येक दाराची रुंदी वजा करावी लागते, आणि उंबऱ्याखालची लादी किंवा दगडाची पट्टी कुठल्याच खोलीच्या क्षेत्रफळात येत नाही. ३०० मिमी जाड भिंतीत ९०० मिमीच्या दाराखाली ०.२७ चौमी जागा असते. दहा दारांच्या घरात २.७ चौमी. लादी मागवताना ती वेगळी धरा.

एककांचा घोळ अजूनही फार होतो. रेव्हिट आतून लांबी नेहमी दशांश फुटात ठेवतं, स्क्रीनवर मिलिमीटर दिसत असले तरी. एपीआयमधून आलेल्या लांबीला ३०४.८ ने गुणलं की मिलिमीटर, क्षेत्रफळाला ०.०९२९०३०४ ने गुणलं की चौमी. डायनॅमो मात्र प्रकल्पाच्या दर्शनी एककात आकडे देतो. दोन्ही वाटा मिसळल्या की खोलीची लांबी-रुंदी एकदम तीनशेपट होते. ती चूक निदान दिसते तरी.

गोल भिंत असेल, समजा विहिरीलगतची न्हाणी, तर तुकडा कंस म्हणून येतो. त्याचे फक्त टोकाचे बिंदू घेतले तर कंसाची जीवा होते आणि खोली लहान होते. कंसाचे तुकडे पाडावे लागतात. किती? पूर्ण वर्तुळाचे ८ सरळ तुकडे केले तर क्षेत्रफळ सुमारे १० टक्के कमी येतं, ३२ केले तर ०.६ टक्के. नकाशाला ३२ पुरतात. लादीच्या हिशोबासाठी क्षेत्रफळ खोलीचंच घ्या, बहुभुजाचं नको.

आयएफसीची (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या सामायिक फाइलची) वाट तेव्हा घ्या जेव्हा समोरचा माणूस रेव्हिट वापरत नाही. खोल्या ‘आयएफसी स्पेस’ म्हणून जातात. स्पेस बाउंडरीचे (खोलीला वेढणाऱ्या पृष्ठभागांचे) पर्याय तीन: काहीच नाही, पहिल्या स्तराच्या, दुसऱ्या स्तराच्या. पहिल्या स्तरात खोलीच्या आतून भिंत जशी दिसते तशी अखंड येते. दुसऱ्या स्तरात भिंतीपलीकडे काय आहे त्यानुसार ती तोडली जाते: पलीकडे अर्धं स्वयंपाकघर आणि अर्धं बाहेरचं अंगण असेल तर दोन तुकडे. उष्णतेचं गणित करणाऱ्याला दुसरा स्तरच लागतो. ‘फक्त दृश्यात दिसणारे घटक’ हा पर्याय निवडला असेल तर त्रिमितीय दृश्यातल्या खोल्या निर्यात करण्याचा पर्यायही सोबत निवडा, नाहीतर फाइलमध्ये भिंती येतील आणि खोल्या येणार नाहीत. आलेल्या फाइलमधून पायथनच्या ‘आयएफसी ओपनशेल’ने हद्दी वाचता येतात, आणि ते मोफत आहे. सल्लागाराला जीबीएक्सएमएल (ऊर्जेच्या गणिताची फाइल) हवं असेल तर खोल्यांच्या घनफळावरून निर्यात करा; घनफळाची गणना बंद असेल तर ती फाइल कामाची नाही.

वाट कुठलीही असो, एक तपासणी मी कधीच सोडत नाही आणि तुम्हीही सोडू नका. बाहेर काढलेल्या बिंदूंवरून प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ पुन्हा काढा. प्रत्येक बिंदूचा एक्स पुढच्याच्या वायने गुणायचा, त्यातून पुढच्याचा एक्स गुणिले याचा वाय वजा करायचा, सगळ्यांची बेरीज, तिचं अर्ध. छिद्रं वजा. हा आकडा रेव्हिटच्या क्षेत्रफळाशेजारी ठेवा. फरक ०.०१ चौमीपेक्षा जास्त असेल तर ती खोली थांबवा आणि पाहा. चुकीची रेषा, कंसाची जीवा, सुटलेलं छिद्र, एककांची गफलत, हे सगळं या एका तक्त्यात उघडं पडतं. न बसवलेल्या, बंद न झालेल्या आणि एकाच जागेत दुबार बसवलेल्या खोल्यांचं क्षेत्रफळ रेव्हिट शून्य दाखवतं. त्या यादीतून आधीच बाजूला काढा, पण काढल्या त्यांची नोंद फाइलमध्ये ठेवा.

खोलीची ओळख म्हणून क्रमांक वापरू नका. आराखडा बदलला की क्रमांक बदलतात. प्रत्येक घटकाला रेव्हिटचा ‘युनिक आयडी’ असतो, तो सोबत न्या. नावं मात्र घरच्यांचीच ठेवा: ओटी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली. साइटवरच्या गवंड्याला ‘बेडरूम ३’ पेक्षा ती लवकर कळतात. सीएसव्ही यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात सुरुवातीच्या बीओएम खुणेसह लिहा, म्हणजे एक्सेलमध्ये देवनागरी नीट उघडेल. शेपफाइल या नकाशाच्या फाइलप्रकारात रकान्याच्या नावाला १० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीचा घोळ होतो, त्याऐवजी जिओपॅकेज हा प्रकार वापरा.

क्यूजीआयएससाठी निर्देशांकांचा वेगळा विचार लागतो. स्क्रिप्टमधून आलेले बिंदू मॉडेलच्या अंतर्गत आरंभबिंदूपासून मोजलेले असतात, पृथ्वीवर त्यांना जागा नसते. कोकणची किनारपट्टी यूटीएम या मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येते; क्यूजीआयएसमध्ये त्याचा संकेतांक ईपीएसजी ३२६४३. मोजणीदाराकडून दोन ठळक बिंदूंचे निर्देशांक घ्या. पूर्वेचा आकडा सहा अंकी आणि उत्तरेचा सात अंकी असेल. रेव्हिटमध्ये हे आकडे थेट भूमितीला देऊन घर लाखो मीटर दूर ढकलू नका, सामायिक निर्देशांक (शेअर्ड कोऑर्डिनेट्स) म्हणून द्या. घर आरंभबिंदूजवळच राहू द्या.

उत्तर दिशेबद्दल इथं सावध राहा. यूटीएमची उत्तर आणि भौगोलिक उत्तर एकच नसते. या पट्ट्याचं मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व आहे आणि गुहागर त्याच्या पश्चिमेला पावणेदोन अंशांहून जरा जास्त दूर. त्यामुळे दोन उत्तरांमध्ये सुमारे अर्धा अंश फरक पडतो. भौगोलिक उत्तर ‘ट्रू नॉर्थ’ म्हणून भरली आणि वर यूटीएमचे आकडे दिले, तर २० मीटर लांबीच्या घराचं दुसरं टोक जवळपास १९ सेंटीमीटर सरकतं. म्हणून कोनाचा आकडा कंपासवरून किंवा गूगलच्या चित्रावरून घेऊ नका, त्या दोन मोजलेल्या बिंदूंवरून काढा. अंतराच्या मापाची चिंता मात्र रत्नागिरी-गुहागर भागात करावी लागत नाही; तिथं यूटीएमचा गुणक जवळपास १ असतो. अलिबागकडे गेलात तर दर १०० मीटरला २ सेंटीमीटरच्या आसपास फरक पडतो.

मॉडेलचे बिंदू यूटीएममध्ये नेताना रूपांतर उलट दिशेनं लागण्याची चूकही सर्रास होते, म्हणजे बिंदू फिरवायचे एका बाजूला आणि फिरतात दुसऱ्या. अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा कोपरा मोजून घ्या, रेव्हिटमध्ये तिथं स्पॉट कोऑर्डिनेट (बिंदूचे निर्देशांक दाखवणारी खूण) ठेवा आणि स्क्रिप्टमधून आलेला तोच बिंदू त्याच्याशी ताडून पाहा. एक बिंदू पुरत नाही, दुसरा लांबच्या कोपऱ्यातला घ्या, कारण फिरण्याची चूक जवळच्या बिंदूत लपते. जिओजेसन (वेबवरच्या नकाशांची फाइल) द्यायचं असेल तर बिंदू रेखांश-अक्षांशांत, आधी रेखांश, बाहेरचा वळसा घड्याळाच्या उलट दिशेनं आणि शेवटचा बिंदू पहिल्यासारखाच.

आता सदनिकांच्या इमारतीचं. इथं माझं स्पष्ट उत्तर ‘नाही’ असं आहे: खोल्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज कार्पेट एरिया म्हणून देऊ नका. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम २(के) मधल्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, सेवांचे शाफ्ट, फक्त त्या सदनिकेची बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची वगळलेली आहे, पण सदनिकेच्या आतल्या पार्टिशनच्या भिंती धरलेल्या आहेत. खोल्यांच्या पृष्ठभागाच्या रेषेत त्या भिंती सुटतात. अर्ध्या विटेची, ११५ मिमीची पार्टिशन एकूण १२ मीटर असेल तर १.३८ चौमी, म्हणजे जवळपास १५ चौरस फूट कमी दिसतात. भिंतीच्या मध्याची रेषा घेतली तर उलट बाहेरच्या भिंतीचा अर्धा भाग आत येतो, आणि ग्राहकाला न मिळणारी जागा विकल्यासारखं होतं. हा माणूस मुंबईत राहून, दापोलीत किंवा गुहागरला आयुष्यभराच्या बचतीतून घर घेत असतो. त्याला दिलेला आकडा नेमका असलाच पाहिजे.

त्यासाठी रेव्हिटमध्ये स्वतंत्र ‘एरिया प्लॅन’ करा, एरियाची हद्द सदनिकेभोवती बाहेरच्या भिंतीच्या आतल्या पृष्ठभागावरून स्वतः ओढा, आणि एरिया योजनेचे नियम आपोआप लावण्याचा पर्याय बंद ठेवा. शाफ्ट वेगळा, बाल्कनी वेगळी. एरिया घटकावरही तीच ‘गेट बाउंडरी सेगमेंट्स’ चालते, त्यामुळे वर सांगितलेली स्क्रिप्ट आणि तपासणी तशीच वापरता येते. खोल्या तशाच ठेवा, त्या लादीसाठी लागतीलच.

शेवटी जुन्या घराबद्दल एक. दुरुस्तीच्या मॉडेलमध्ये खोल्या टप्प्यांना बांधलेल्या असतात. ‘एक्झिस्टिंग’ टप्प्यातलं माजघर आणि नव्या टप्प्यात त्याचे झालेले दोन गेस्टरूम या तीन वेगळ्या खोल्या आहेत, आणि स्क्रिप्टनं टप्पा न पाहता सगळ्या गोळा केल्या तर एकाच जमिनीवर दोनदा हद्द येते. प्रत्येक खोलीचा टप्पा वाचा आणि तो सीएसव्हीत स्वतंत्र रकाना म्हणून ठेवा. जुन्या टप्प्याच्या हद्दी टाकून देऊ नका. पाडण्यापूर्वी घर कसं होतं याची मोजलेली नोंद तीच आहे, आणि भिंत पडल्यावर ती पुन्हा मोजता येत नाही.